अल्पदृष्टी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी मोठ्या टाइपातील पुस्तके: कोणाला, किती मोठी आणि कुठून मिळवायची

पाचवीतल्या एका मुलीला तिची आई मानदुखीसाठी दवाखान्यात घेऊन आली होती. त्याआधीच्या दोन वर्षांत ती ताप-खोकल्यासाठी तीन-चार वेळा येऊन गेली होती आणि माझ्या काहीच लक्षात आले नव्हते. या वेळी नंबर येईपर्यंत ती बाकावर बसून गोष्टीचे पुस्तक वाचत होती. पुस्तक नाकापासून चार बोटांवर आणि मान पूर्ण खाली. भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बोट दाखवून विचारले तेव्हा मोठी तारीख तिने बरोबर सांगितली. त्याखालची तिथी आणि नक्षत्र तिला नुसत्या रेषा वाटत होत्या.

चष्मा होता, पण शाळेच्या शेरेवहीत "वाचनात मागे, लक्ष नसते" असे लिहिलेले होते. नेत्ररुग्णालयात सविस्तर तपासणी झाल्यावर स्टारगार्ट या आनुवंशिक आजाराचे निदान झाले. यात दृष्टिपटलाचा मधला, बारीक पाहण्याचा भाग हळूहळू खराब होतो. सुरुवातीला डोळ्यांचा पडदा तपासताना तो ठीकठाक दिसू शकतो, त्यामुळे निदानाला उशीर होतो आणि मूल आळशी ठरते. योग्य चष्मा लावूनही तिची दृष्टी दोन्ही डोळ्यांत ६/३६ होती.

आईचा पहिला प्रश्न होता, "डॉक्टर, ऑपरेशनने बरे होईल का?" त्याचे उत्तर नाही असे होते. दुसरा प्रश्न होता, "मग हिने शिकायचे कसे?" हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. मी नेत्रतज्ज्ञ नाही, जनरल प्रॅक्टिस करणारा डॉक्टर आहे. पण नेत्रतज्ज्ञांकडून बाहेर पडल्यावर शाळा, प्रमाणपत्र आणि पुस्तके यांचे प्रश्न घेऊन कुटुंबे पुन्हा आमच्याकडेच येतात.

अल्पदृष्टी म्हणजे नेमके काय?

चष्मा लावून सगळे स्पष्ट दिसत असेल तर ती अल्पदृष्टी नव्हे, मग नंबर कितीही मोठा असो. चष्मा, औषध, शस्त्रक्रिया हे सगळे करूनही जी कमतरता उरते ती अल्पदृष्टी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार, चांगल्या डोळ्याची दृष्टी सर्वोत्तम चष्म्यासह ६/१८ पेक्षा कमी पण ३/६० पर्यंत असेल, किंवा दृष्टिक्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी होऊन १० अंशांपर्यंत आक्रसले असेल, तर त्या व्यक्तीला अल्पदृष्टी आहे असे मानले जाते. ६/३६ याचा अर्थ निरोगी डोळ्याला जे अक्षर ३६ मीटरवरून ओळखता येते ते या मुलीला ६ मीटरवर यावे लागते.

मुलांमध्ये याची कारणे बरीच आहेत. जन्मजात मोतीबिंदू (शस्त्रक्रिया झाल्यानंतरही), अल्बिनिझम म्हणजे कोड नव्हे तर जन्मतःच रंगद्रव्याचा अभाव, रेटिनायटिस पिगमेंटोझा, डोळ्याच्या नसेची कमजोरी, फार मोठ्या मायनस नंबरमुळे झालेली पडद्याची हानी, वेळेआधी जन्मलेल्या बाळांमधला पडद्याचा आजार, डोळे सतत हलणे. काही आजार रक्ताच्या नात्यातल्या लग्नांत जास्त दिसतात. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत अजून पूर्ण गेलेली नाही, म्हणून निदानानंतर धाकट्या भावंडांचे डोळेही तपासून घ्या.

मोठ्या टाइपाच्या पुस्तकाकडे वळण्याआधी एक गोष्ट पक्की करा: गेल्या सहा महिन्यांत नेत्रतज्ज्ञांनी बाहुली मोठी करण्याचे थेंब घालून पडदा आणि नंबर तपासला आहे का? ज्याचा इलाज शक्य आहे तो आधी व्हायला हवा. बाहुलीत पांढरी चमक दिसणे, नव्याने तिरळेपणा येणे, संध्याकाळनंतर मूल ठेचकाळू लागणे, उजेडात डोळे उघडताच न येणे किंवा दृष्टी झपाट्याने कमी होणे, यांपैकी काही असेल तर त्याच आठवड्यात दाखवा.

जवळून वाचल्याने डोळे खराब होतात का?

नाही. घरोघरी "लांब धर, डोळे जातील" हे वाक्य ऐकू येते. अल्पदृष्टी असलेले मूल पुस्तक जवळ आणते कारण तो त्याचा भिंगाशिवायचा उपाय आहे. ४० सेंटीमीटरवरचे पुस्तक १० सेंटीमीटरवर आणले की अक्षर चौपट मोठे दिसते. लहान मुलांच्या डोळ्यांतील भिंग लवचिक असते, त्यामुळे त्यांना इतक्या जवळचेही स्पष्ट दिसू शकते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या मुलांना मात्र ही सोय नसते, त्यांना जवळचा वेगळा नंबर लागतो.

डोळे वापरल्याने झिजतात ही समजूत पूर्वी डॉक्टरांचीही होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाश्चात्त्य देशांत कमी दिसणाऱ्या मुलांसाठी वेगळे वर्ग असत आणि तिथे डोळे "वाचवण्यावर" भर असे. उरलेली दृष्टी वापरायला शिकवली तर मूल तिचा अधिक चांगला उपयोग करू लागते, हे अमेरिकेतील नॅटली बरागा यांनी १९६४ मध्ये दाखवले आणि हा विचार बदलला. योगायोग म्हणजे त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक थॉर्प यांनी वयस्कर वाचकांसाठी मोठ्या टाइपातल्या पुस्तकांची मालिका सुरू केली.

जवळून वाचण्याने डोळ्यांचे नुकसान नसले तरी मान, खांदे आणि पाठ थकतात. अर्ध्या तासात डोके दुखू लागते आणि मूल पुस्तक मिटते. ती मुलगी माझ्याकडे मानेसाठीच आली होती. मोठा टाइप आणि तिरके स्टँड यांचा पहिला फायदा मानेला होतो. घरात पोथी ठेवण्याचे लाकडी व्यासपीठ असेल तर तेच टेबलावर ठेवा, वेगळा खर्च नको.

टाइप किती मोठा हवा?

"लार्ज प्रिंट" असा एकच आकार नसतो. परदेशांत १६ ते १८ पॉइंटच्या पुढचा टाइप मोठा समजतात, पण एका मुलाला १८ पुरतो तर दुसऱ्याला ३०. नेत्रतज्ज्ञांच्या कागदावर जवळच्या दृष्टीसाठी एन ८, एन १२, एन १८ असे लिहिलेले असते. एन १२ म्हणजे साधारण १२ पॉइंटचा टाइप वाचता आला. इथे पालक आणि शिक्षक दोघेही फसतात. एन १२ वाचता आला म्हणजे १२ पॉइंटचे पुस्तक चालेल असे त्यांना वाटते. पण ते मुलाला कसेबसे ओळखता आलेले शेवटचे अक्षर असते. धडाच्या धडा न थकता वाचायचा तर त्याच्या साधारण दुप्पट आकार लागतो.

घरी हे तपासता येते. मुलाने न वाचलेल्या गोष्टीचे पाच वेगवेगळे परिच्छेद संगणकावर मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी अशा साध्या फॉण्टमध्ये टाइप करा आणि ३२, २४, २०, १६ व १२ पॉइंटमध्ये छापा. चष्मा लावून, नेहमीच्या उजेडात, मोठ्याकडून लहानाकडे प्रत्येक परिच्छेद एक मिनिट मोठ्याने वाचायला सांगा आणि शब्द मोजा. सुरुवातीच्या आकारांत वेग जवळपास सारखा राहतो, मग एका टप्प्यावर एकदम घसरतो. घसरण्याआधीचा आकार हा त्या मुलाचा आकार. आमच्या या मुलीचा वेग २४ पॉइंटपर्यंत टिकला, २० ला थोडा कमी झाला आणि १६ ला ती अक्षरे जुळवत वाचू लागली. १२ पॉइंटचा परिच्छेद तिने अर्ध्यात सोडला. तिची पाठ्यपुस्तके जवळपास याच शेवटच्या आकाराची होती. हा कागद तारखेसह जपून ठेवा. नेत्रतज्ज्ञांना, शाळेला आणि पुढे परीक्षेच्या अर्जासाठीही तो उपयोगी पडतो.

पहिली-दुसरीत हा प्रश्न क्वचितच समोर येतो, कारण त्या पुस्तकांत टाइप मोठा आणि मजकूर थोडा असतो. तिसरी ते पाचवीत अक्षर लहान होते, ओळी दाटतात, आणि आतापर्यंत "हुशार" असलेले मूल अचानक मागे पडते. त्या वयात वाचन घसरले तर शिकवणी लावण्याआधी डोळे तपासा.

देवनागरीची स्वतःची अडचण

इंग्रजीसाठी ठरवलेले आकार मराठीला जसेच्या तसे लावू नयेत. अनेक फॉण्टमध्ये त्याच पॉइंटला देवनागरी अक्षराचा मुख्य भाग लहान असतो, कारण वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, रुकार यांना जागा द्यावी लागते. शिवाय अर्थ नेमका त्या बारीक खुणांवर अवलंबून असतो. दिन आणि दीन, सूत आणि सुत, पाच आणि पांच वाचताना जे अनुस्वार व वेलांट्या आपल्याला सहज दिसतात, ते या मुलांना ठिपका किंवा धूसर डाग वाटतात. घ-ध, भ-म, प-ष, थ-य या जोड्यांत गफलत होते. शिक्षकांना हे शुद्धलेखनाचे दोष वाटतात. मूल मात्र त्याला जे दिसले तेच लिहीत असते. जोडाक्षरे तर वेगळाच विषय आहे, त्यातल्या त्यात क्ष, द्य, द्ध, ष्ट.

म्हणून मराठी मजकूर मोठा करताना नुसता टाइप वाढवून भागत नाही. दोन ओळींतले अंतर वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर येतो. रेघांची जाडी एकसारखी असलेला फॉण्ट घ्या, सुलेखनासारखा नाजूक नको. पाठीमागे चित्र किंवा रंगाची छटा नको. चकचकीत कागदापेक्षा साधा, किंचित पिवळट कागद बरा, विशेषतः अल्बिनिझम असलेल्या मुलांसाठी, कारण चमक त्यांना सहन होत नाही.

मोठा टाइप कधी चालत नाही

रेटिनायटिस पिगमेंटोझा किंवा वाढलेल्या काचबिंदूत मधली दृष्टी टिकून असते पण बाजूचे दिसणे जाते, जणू नळीतून पाहावे तसे. अशा मुलाला टाइप खूप मोठा केला तर एका वेळी दोनच अक्षरे नजरेत मावतात आणि वाचन उलट मंदावते. त्याला साध्या किंवा थोड्याच मोठ्या टाइपासोबत चांगला उजेड आणि ठळक छपाई जास्त उपयोगी ठरते. वर सांगितलेली एक मिनिटाची चाचणी अशा मुलांत ३२ पॉइंटला कमी आणि १६ ला जास्त शब्द दाखवू शकते. असे झाले तर ते नेत्रतज्ज्ञांना आवर्जून सांगा. दृष्टी ३/६० पेक्षाही कमी असेल किंवा वेगाने कमी होत असेल, तर ब्रेल आणि ऐकण्याची पुस्तके लवकर सुरू करणे हिताचे. मोठा टाइप सोडून ब्रेलकडे जाणे म्हणजे हरणे, असे अनेक पालकांना वाटते. त्या हट्टात मुलाची दोन-तीन वर्षे जातात.

पुस्तके कुठून मिळतील?

महाराष्ट्रात पाठ्यपुस्तके तयार करणारी संस्था, म्हणजे बालभारती, पुण्यातच सेनापती बापट रस्त्यावर आहे. समग्र शिक्षा योजनेतून अंध मुलांना ब्रेल आणि अल्पदृष्टी असलेल्या मुलांना मोठ्या टाइपातील पाठ्यपुस्तके दिली जातात. ही पुस्तके दुकानात मागून मिळत नाहीत, मागणी शाळेकडून जावी लागते. त्यासाठी युडायस प्लस प्रणालीत तुमच्या मुलाची नोंद "अल्पदृष्टी" अशी झालेली हवी. मुख्याध्यापकांना हे लेखी विचारा, आणि जूनमध्ये नव्हे, आधीच्या वर्षाच्या शेवटी विचारा. समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक तुमच्या शाळेसाठी कोण आहेत तेही विचारून घ्या. पुढचा पाठपुरावा त्यांच्याकडेच सोपा जातो.

पुस्तके उशिरा आली किंवा टाइप पुरेसा मोठा नसला तर? बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तकांच्या पीडीएफ मोफत मिळतात. झेरॉक्सवाला ए-४ चे पान ए-३ वर मोठे करून देतो तेव्हा अक्षर सुमारे १४१ टक्के होते, म्हणजे १२ पॉइंटचे १७. आमच्या मुलीला २४ हवे होते. त्यासाठी अर्धे पान पूर्ण ए-३ वर घ्यावे लागते, म्हणजे दीडशे पानी पुस्तकाची तीनशे मोठी पाने. सगळे पुस्तक असे करू नका. जो धडा चालू आहे त्यापुरते करा आणि प्रत्येक धड्याची वेगळी स्पायरल वही बनवा. दप्तरात तीच एक जाईल.

टॅबवर पीडीएफ मोठी करून वाचणे स्वस्त पडते, पण ओळ पडद्याबाहेर जाते आणि डावीकडून उजवीकडे सरकवत राहावे लागते. मजकूर आपोआप खालच्या ओळीत यावा यासाठी ईपब किंवा साधी टाइप केलेली फाइल लागते. अनेक मराठी पीडीएफ डीटीपीच्या जुन्या फॉण्टमध्ये असतात. मोबाइलला त्या वाचून दाखवायला सांगितले तर भलतेच उच्चार येतात, तेव्हा मोबाइल बिघडला असे समजू नका. युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर नीट वाचला जातो. अवांतर वाचनासाठी २०१६ मध्ये सुरू झालेले "सुगम्य पुस्तकालय" हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. छापील मजकूर वाचण्यात अडचण असलेल्यांना तिथे नोंदणी करता येते आणि मराठीसह भारतीय भाषांतली पुस्तके मिळतात.

अप्पा बळवंत चौकातून आणलेले गाइड किंवा कथासंग्रह स्कॅन करून मोठा छापणे कॉपीराइटचा भंग ठरेल का, असे एका वडिलांनी विचारले होते. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार दिव्यांग व्यक्तीला वाचता यावे म्हणून, नफा न कमावता, पुस्तक सुलभ स्वरूपात आणण्यास परवानगी आहे. मुलासाठी निर्धास्तपणे करा, विकू मात्र नका.

नकाशे आणि आकृत्या हा सर्वांत अवघड भाग. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये रंग जातात आणि जिल्ह्यांच्या सीमा, नद्या, नावे सगळे एकमेकांत मिसळते. एका नकाशाचे दोन-तीन करा: एकात फक्त नद्या, दुसऱ्यात फक्त जिल्हे, जाड काळ्या स्केचपेनने. गणितात घातांक आणि विज्ञानात रासायनिक सूत्रांतले बारीक आकडे हाताने मोठे लिहून द्या.

भिंग की मोठे पुस्तक?

दोन्ही. मोठे पुस्तक हातात घेतले की लगेच वाचता येते, भिंग वापरायला सराव लागतो. पण जो मुलगा स्टँडचे किंवा घुमटाकार भिंग वापरायला शिकतो, त्याला बसचे तिकीट, औषधाची चिठ्ठी, मित्राची वही, काहीही वाचता येते. जगातली सगळी छपाई त्याच्यासाठी कोणी मोठी करणार नाही. पुण्यात हडपसरजवळच्या महंमदवाडीतील एच. व्ही. देसाई नेत्ररुग्णालयात अल्पदृष्टीसाठी वेगळा विभाग आहे. तिथे भिंगे वापरून पाहता येतात आणि मुलाला योग्य ते निवडता येते. बाजारातून अंदाजाने भिंग आणू नका. फळा दिसण्यासाठी मोठ्या पुस्तकाचा काही उपयोग नाही. त्यासाठी पहिला बाक, छोटी दुर्बीण किंवा फळ्याचा फोटो काढण्याची परवानगी लागते.

प्रमाणपत्र आणि परीक्षा

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड यांसाठी स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करायचा, मग ठरलेल्या रुग्णालयात तपासणी होते. पुण्यात ससून आणि औंधचे जिल्हा रुग्णालय ही त्यांपैकी ठिकाणे. चष्म्यासह दोन्ही डोळे ६/२४ ते ६/६० मध्ये असतील तर साधारण ४० टक्के धरतात, आणि कायद्यातले बहुतेक लाभ तिथूनच सुरू होतात. त्यांत १८ वर्षांपर्यंत पुस्तके व साधने मोफत मिळणेही आले. एक डोळा पूर्ण चांगला असेल तर टक्केवारी ३० च्या पुढे जात नाही, यावर तपासणी करणाऱ्या डॉक्टरांशी वाद घालून उपयोग नसतो.

परीक्षेत किमान ताशी २० मिनिटे जादा वेळ, लेखनिक आणि मोठ्या टाइपातील प्रश्नपत्रिकेचा पर्याय केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. दहावी-बारावीला राज्य मंडळाकडे हा अर्ज शाळेमार्फतच जातो. नववीतच सुरुवात करा. लेखनिक घ्यायचा की स्वतः लिहायचे हे मुलाला ठरवू द्या, आणि जे ठरेल त्याचा सराव शाळेच्या सहामाही परीक्षेपासून करा. सवयीशिवाय लेखनिक मिळाला की मुले गोंधळतात.

वर्गात काय होते?

आजीने मोठ्या टाइपातले गुरुचरित्र आणले तर घरात कोणाला काही वाटत नाही. दहा वर्षांच्या मुलीच्या बाकावर इतरांपेक्षा दुप्पट पुस्तक आले की सगळा वर्ग वळून बघतो. आमच्या मुलीने पहिले दोन महिने ते पुस्तक दप्तरातून बाहेरच काढले नाही. शेजारणीच्या पुस्तकात पाहिल्यासारखे करायची आणि घरी येऊन आईकडून धडा ऐकायची. वर्गशिक्षिकेने एक साधी गोष्ट केली. मोठ्या पुस्तकातला एक धडा तिने स्वतः बाकावर बसून वाचला आणि "माझाही चष्मा वाढलाय, मला हेच बरे" असे सगळ्यांसमोर म्हटले. पुस्तक बाहेर यायला लागले.

आता ती आठवीत आहे. गणित आणि भूगोल कागदावर २४ पॉइंटमध्ये, मराठी आणि इतिहास टॅबवर, फळ्यासाठी दुर्बीण, आणि काळ्या जाड रेघांच्या वह्या. दर वर्षी एप्रिलमध्ये आई तीच एक मिनिटाची चाचणी घेते, कारण या आजारात मधली दृष्टी आणखी कमी होऊ शकते. या वर्षी २४ वरून २८ वर जावे लागले. पुढच्या वर्षीची मागणी शाळेला देण्याआधी हा आकडा हातात असावा, म्हणून चाचणीसाठी एप्रिल निवडला आहे.